चढाईला कोण जाणार?

भातकापणी आटोपून शेतं कोरडी पडली की ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतल्या गावांमध्ये कबड्डीच्या सामन्यांचा मोसम येतो. भिवंडी तालुक्यातलं खारबाव याच पट्ट्यातलं, वसई-दिवा लोहमार्गावरचं गाव. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आणि गोदामं आठवतात. पण या भागातल्या पोरांना मोकळी जागा आणि थोडी फक्की मिळाली की पहिलं आखलं जातं ते कबड्डीचं मैदान. हा खेळ इथे कुणाला शिकवावा लागत नाही.

संघ निवडणं मात्र शिकावं लागतं. सामन्याच्या आदल्या रात्री कोणत्याही गावात, कोणत्याही मंडळात एकच वाद रंगतो. सुरुवातीच्या सातांत कोण, राखीव कोण आणि चढाईचा मुख्य भार कुणावर? गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारा, पण चार मोसम संघाला तारणारा तिशीतला गडी घ्यायचा, की मागच्या दोन स्पर्धांत भल्याभल्यांना चकवून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा? प्रो कबड्डी लीगमध्ये हाच वाद कोट्यवधी रुपये पणाला लावून होतो. आणि सातासमुद्रापार अमेरिकन फुटबॉलमध्ये तर तो दर वर्षी साऱ्या देशाच्या चर्चेचा विषय असतो.

तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन खेळाची चाल ठरवणारा एक खेळाडू असतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. संघात ५३ जण असले तरी ही जागा एकाच वेळी एकालाच मिळते. २००१ साली न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचा क्वार्टरबॅक होता ड्रू ब्लेडसो. त्या वर्षी मार्चमध्येच त्याच्याशी दहा वर्षांचा, १० कोटी डॉलरहून मोठा करार झाला होता. २३ सप्टेंबरला एका धडकेत तो गंभीर जखमी झाला आणि त्याच्या जागी आला टॉम ब्रेडी. आदल्या वर्षी संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा ब्रेडीचा क्रमांक १९९वा लागला होता. ब्लेडसो बरा होऊन परतला, तरी प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रेडीलाच कायम ठेवलं. मोसमाच्या शेवटी उपान्त्य टप्प्यात ब्रेडीचा घोटा दुखावला, तेव्हा ब्लेडसोच मैदानात उतरला आणि त्याने तो सामना संघाच्या हाती ठेवला. अंतिम लढत ब्रेडीने खेळली आणि संघाने ती २०–१७ अशी जिंकली. काही आठवड्यांतच ब्लेडसोची रवानगी दुसऱ्या संघात झाली.

ही गोष्ट ब्रेडीच्या उदयाची म्हणून सांगितली जाते. संघ बांधणाऱ्याने मात्र ती वेगळ्या अंगाने वाचावी. त्या वर्षी पेट्रियट्सकडे ती जागा सांभाळू शकणारे दोघे होते आणि विजेतेपदासाठी दोघांचीही गरज पडली. कबड्डीत ही गरज आणखी तीव्र असते. त्याचं कारण खेळाच्या नियमांतच आहे.

बाद झालेल्याची रांग

कबड्डीत मैदानात सात गडी आणि बाहेर पाच राखीव. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. एक चढाई तीस सेकंदांची, म्हणजे एका संघाच्या वाट्याला सामन्यात चाळीसच्या आसपास चढाया येतात. सातांमध्ये साधारणपणे दोन कोपरारक्षक, दोन मध्यरक्षक आणि तीन चढाईपटू असतात. त्यातला एखादा अष्टपैलू. तिघांपैकी एक मुख्य असतो. निम्म्या चढाया त्याच्याच.

आता एक प्रसंग पाहू. सामन्याची दहा मिनिटं उरली आहेत, गुण जवळपास बरोबरीत आहेत. आपला मुख्य चढाईपटू खोलवर गेला, वळताना उजव्या कोपरारक्षकाने घोटा पकड केली, मध्यरक्षक अंगावर आला आणि गडी जमिनीवर. बाहेर आधीच दोघे बाद होऊन बसलेत. नियम असा की जो आधी बाद झाला तो आधी उठतो. म्हणजे मुख्य चढाईपटूचा नंबर तिसरा. संघाला गडी टिपून किंवा पकड करून तीन गडी उठवावे लागतील, तेव्हा कुठे तो परत येईल. बोनस गुण मिळाला तर फलकावर आकडा वाढतो, पण त्याने कुणी उठत नाही.

मैदानात चौघे उरलेत. समोरचा संघ आता घाई करणार नाही. त्यांचा चढाईपटू येईल, निदान रेषा ओलांडेल आणि कुणाला न छेडता निघून जाईल. आपल्याही दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. ही तिसरी चढाई करायची कुणी? मुख्य गडी बाहेर बसला आहे. इथे दुसरा चढाईपटू कामाचा नसेल तर संघ लोणाच्या, म्हणजे सगळेच गडी बाद होण्याच्या, दिशेने घसरत जातो. कधी कधी तर मुख्य गडी लवकर मैदानात यावा म्हणून प्रशिक्षक उरलेल्या एक-दोघांना बाद होऊ देतात आणि लोण पत्करतात. त्याची किंमत समोरच्या संघाला दोन जादा गुण.

म्हणून कबड्डीचा संघ निवडताना खरा प्रश्न पहिल्या चढाईपटूचा असतच नाही. तो कोण हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. तो बाहेर बसलेला असताना कोण जाणार, या प्रश्नावर संघ तरतो किंवा बुडतो.

थैली आणि याद्या

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते. २०१७ पासून बारा झाले. महाराष्ट्राचे दोन: यू मुंबा आणि पुणेरी पलटण. संघ ठरतो लिलावात. दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला पाच कोटी रुपये होते आणि त्यात किमान अठरा, कमाल पंचवीस खेळाडू बसवायचे होते. खेळाडूंचे चार गट, पायाभूत किंमत ३० लाखांपासून ९ लाखांपर्यंत. काही जुने खेळाडू लिलावाआधीच राखता येतात, तरुण खेळाडूंना वेगळ्या यादीतून कमी पैशात घेता येतं. शिवाय आपल्याकडून सुटलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेली शेवटची बोली तेवढ्याच रकमेत जुळवून त्याला परत आणण्याचा हक्कही संघाला असतो.

हिशेब सोपा दिसतो, पण पेच त्यातच आहे. थैली ठरलेली. एका चढाईपटूवर दोन कोटी ओतले की उरलेल्या तीन कोटींत सतरा जण बसवावे लागतात, आणि त्यात दुसऱ्या चढाईपटूवर हात आखडता घेतला जातो.

कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई याचं उदाहरण महाराष्ट्राला जवळचं आहे. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. अंगाने दणकट, लांब ढांगांचा, अंगावर दोघे-तिघे घेऊन मध्यरेषेपर्यंत ओढत नेणारा गडी. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. लोक त्याला बाहुबली म्हणू लागले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले.

त्या २०१९ च्या हंगामात काय झालं? सिद्धार्थ कमी पडला नाही. त्याने पुन्हा २१७ गुण मिळवले. तरी टायटन्स बारा संघांत अकराव्या क्रमांकावर राहिले. सिद्धार्थ गमावलेल्या यू मुंबाकडे त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. त्यांनी अभिषेक सिंग, अर्जुन देशवाल, रोहित बालियान अशा चढाईपटूंमध्ये भार वाटला, बचावाची धुरा इराणच्या फझल अत्राचलीकडे दिली आणि उपान्त्य फेरी गाठली. २०२१-२२ च्या हंगामात सिद्धार्थ थोड्याच सामन्यांनंतर दुखापतीने बाहेर गेला आणि टायटन्सना २२ सामन्यांत एकच विजय मिळाला. यात सिद्धार्थचा काडीमात्र दोष नाही. त्याच्या मागे कोण, याचं उत्तर संघाकडे नव्हतं.

यू मुंबाचीही चूक झालीच. त्यांनी ज्या अर्जुन देशवालला हातून जाऊ दिलं, त्याला जयपूर पिंक पँथर्सने २०२१ च्या लिलावात ९६ लाखांना घेतलं. पुढच्याच वर्षी, नवव्या हंगामात, त्याने २९६ गुण मिळवून जयपूरला विजेतेपद मिळवून दिलं. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर खेळणाऱ्या पोरात उद्याचा पहिला दडलेला असतो. तो ओळखणं हेच निवडसमितीचं सर्वांत अवघड काम.

पुण्याचा निर्णय

हे काम धीराने आणि धाडसाने कसं करता येतं, ते पुणेरी पलटणच्या तीन हंगामांत दिसतं.

करोनामुळे आठवा हंगाम प्रेक्षकांविना, बंगळुरूच्या एकाच हॉटेलात खेळवला गेला. पुण्याचे प्रशिक्षक होते भारताचे माजी कर्णधार अनुप कुमार. संघात दोन मोठी नावं होती: नितीन तोमर आणि राहुल चौधरी. नितीन २०१७ च्या लिलावातला सर्वांत महाग खेळाडू होता, तर राहुल हा लीगच्या सुरुवातीच्या वर्षांतला सर्वांत लाडका चढाईपटू. सुरुवात अपेक्षेप्रमाणे या दोघांवर विसंबून झाली आणि पलटण हरत गेली. मग अनुप कुमार यांनी चढाईचा भार तरुणांच्या यादीतून आलेल्या दोन पोरांकडे दिला. एक अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार, दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. नावाजलेल्या दोघांना मागे ठेवून पहिलाच हंगाम खेळणाऱ्यांना पुढे काढणं म्हणजे रोज टीका ओढवून घेणं. पण पलटण सावरली आणि बाद फेरीत पोहोचली. मोहित त्या हंगामाचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

पुढच्या हंगामात पुण्याने १ कोटी ३८ लाखांना फझल अत्राचलीला आणून कर्णधार केलं. चढाई तरुणांकडेच राहिली. ऐन शेवटच्या टप्प्यात अस्लम आणि मोहित दोघेही जखमी झाले. १५ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत वरळीला तमिळ थलायवाजविरुद्ध उपान्त्य सामना होता, आणि पुण्याचे पहिले दोन चढाईपटू त्यात नव्हते.

समोरच्या संघाचीही तीच कथा होती. थलायवाजने त्या वर्षी पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाखांची, तोवरची सर्वांत मोठी बोली लावली होती. पहिल्याच सामन्यात पवनचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. त्याची जागा घेतली पहिलाच हंगाम खेळणाऱ्या नरेंदरने. त्याने चढाईचे २४३ गुण मिळवले आणि थलायवाज प्रथमच उपान्त्य फेरीत आले. म्हणजे वरळीच्या त्या मॅटवर दोन्ही संघांची धुरा अशा गड्यांकडे होती, ज्यांना मोसमाच्या सुरुवातीला कुणी मुख्य मानलं नव्हतं. पुण्याकडून उभा राहिला पंकज मोहिते. मुंबईच्या मातीतला, अंगापिंडाने मोठा नसलेला, पण पायांत कमालीची चपळाई असलेला गडी. त्याने १६ गुण मिळवले आणि पुण्याने सामना ३९–३७ असा दोन गुणांनी जिंकला. अंतिम सामन्यात मात्र जयपूरने त्यांना ३३–२९ असं हरवलं.

इथे बहुतेक संघांनी एक मोठा चढाईपटू विकत आणला असता. पुण्याने उलट केलं. अस्लम, मोहित, पंकज, आकाश शिंदे ही फळी तशीच राखली, फझलला सोडलं आणि वाचलेले पैसे एका बचावपटूवर लावले. इराणचा मोहम्मदरझा शाद्लू २ कोटी ३५ लाखांना आला. अख्ख्या थैलीचा जवळपास निम्मा भाग! चढाईची फळी घरच्याच तरुणांची, म्हणून स्वस्त. त्यामुळेच हे परवडलं. अनुप कुमार यांच्यानंतर आलेले प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी कर्णधारपद अस्लमला दिलं.

दहाव्या हंगामात पलटणने साखळीतल्या २२ पैकी १७ सामने जिंकले आणि केवळ दोन गमावले. त्या वर्षी चढाईत सर्वाधिक २७६ गुण मिळवणारा दिल्लीचा आशू मलिक होता. पुण्याचा एकही चढाईपटू त्याच्या जवळपास नव्हता, कारण कुणा एकाला तेवढ्या चढाया कराव्याच लागल्या नाहीत. तरी हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून निवड झाली ती अस्लमची. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सविरुद्धची अंतिम लढत अटीतटीची होती. पहिल्या डावाच्या अखेरीस पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले आणि पारडं फिरलं. पुण्याने सामना २८–२५ असा जिंकला.

पाटण्याचं काय?

यावर कबड्डीचा जाणकार लगेच म्हणेल, परदीप नरवाल कसा विसरलात? पाटणा पायरेट्सने लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवली ती त्याच्या जोरावर. २०१७ च्या हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण मिळवले. हरियाणाविरुद्धच्या बाद फेरीत एका सामन्यात ३४ गुण, आणि त्यातल्या एका चढाईत समोरच्या सहाही जणांना बाद करून लोण चढवला. असा गडी असेल तर दुसऱ्याची गरज काय?

गरज होती आणि तो दुसरा होताही. त्याच हंगामात पाटण्याच्या मोनू गोयतने दोनशेच्या आसपास गुण मिळवले होते. परदीप बाद होऊन बसला की मोनू चढाई करायचा, गडी उठवायचा आणि परदीप परत यायचा. पुढच्या लिलावात हरियाणाने मोनूला १ कोटी ५१ लाखांना उचललं. परदीपने २०१८ मध्येही २३३ गुण मिळवले, पण पाटणा पहिल्यांदाच बाद फेरीपर्यंत पोहोचू शकला नाही.

गावच्या संघासाठी

लीगच्या मॅटवरून गावच्या मातीकडे वळलं तर पैसा वजा होतो, नियम तेच राहतात. ठाणे जिल्ह्यातल्या खेळाडूचा रस्ता मंडळाच्या स्पर्धांमधून जिल्हा अजिंक्यपद, तिथून राज्य अजिंक्यपद आणि मग महाराष्ट्राचा संघ असा जातो. भिवंडीच्या शेजारच्या कल्याणचा डावा कोपरारक्षक गिरीश इर्नाक या रस्त्याने २०१८ च्या आशियाई स्पर्धेतल्या भारतीय संघापर्यंत पोहोचला. त्याच वर्षीच्या जानेवारीत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४–२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद परत आणलं.

या रस्त्याच्या पहिल्याच टप्प्यावर दुसरा चढाईपटू अडतो. गावच्या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या, हरलं की घरी. त्यामुळे प्रत्येक सामन्यात मुख्य गडीच खेळवला जातो आणि नव्या पोराला संधी मिळते ती सामना हातातून गेल्यावर, चार मिनिटं उरली असताना. तेवढ्यात तो काय दाखवणार? लीगच्या प्रशिक्षकांकडून गावच्या कप्तानाला उचलता येण्यासारख्या गोष्टी आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. आघाडी असताना ठरवून तीन-चार चढाया दुसऱ्याला द्याव्यात. सरावात तिसरी चढाई त्यालाच करायला लावावी, समोर चौघेच बचावपटू ठेवून. एक जण डाव्या बाजूने आत जाणारा असेल तर दुसरा उजव्या बाजूने जाणारा बघावा, म्हणजे समोरच्या कोपरारक्षकाला एकाच चालीची सवय होत नाही. आणि जुन्या गड्याला बसवायचं झालं तर आदल्या दिवशी, घरी जाऊन, तोंडावर सांगावं. मैदानात नावं वाचून दाखवताना ते त्याला कळू नये.

राखीव फळी भक्कम असलेल्या संघालाही दुखापती सोडत नाहीत, हेही सांगायला हवं. अकराव्या हंगामाआधी पुण्याने शाद्लूला सोडलं, तो हरियाणाकडे गेला. हंगामाच्या मध्यात अस्लम जखमी होऊन बाहेर पडला आणि गतविजेती पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडीला झाला. तो हरियाणाने जिंकला, शाद्लू त्यांच्या बचावात होता.

पण पुण्याने आपली रीत मोडली नाही. २०२५ च्या लिलावात कारकिर्दीत अठराशेहून अधिक चढाई-गुण मिळवलेल्या परदीपवर एकाही संघाने बोली लावली नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच हंगामात पलटण पुन्हा अंतिम फेरीत आली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीने त्यांना ३१–२८ असं हरवलं. त्या सामन्यात पुण्याच्या चढाईचा भार ज्याने उचलला आणि दहा गुण मिळवले, तो होता आदित्य शिंदे. दोन हंगामांपूर्वी पलटणने करंडक जिंकला, तेव्हा अस्लम, मोहित, पंकज आणि आकाश यांच्या मागे त्याला जागाच नव्हती.